हुतात्मा फलकासाठी मदत हवी: व्हेंजन्स बॉम्बर, एप्रिल १९४४, दोघेही बेपत्ता

जरंडा_पायथा (प्रश्न)

मंडळी, कोरेगाव तालुक्यातल्या एका गावाचा हुतात्मा फलक नव्याने करायचा आहे. दुसऱ्या महायुद्धातली बहुतेक नावं मराठा पलटणींतली, त्यांचे कागद जुळले. एक नाव मात्र हवाई दलातलं आहे आणि तिथे गाडी अडली आहे. हातात दोन कागद आहेत, दोन्ही झेरॉक्स. पहिल्यावर: वायरलेस ऑपरेटर/एअर गनर, व्हेंजन्स विमान, एप्रिल १९४४, ‘बेपत्ता’. दुसऱ्यावर तेच नाव, पण तारीख ऑक्टोबर १९४४ आणि मजकूर ‘मृत मानण्यात आले’. जुन्या फलकावर ‘आराकान (ब्रह्मदेशाचा पश्चिम किनारा), जपानी विमानांशी लढताना, रंगून स्मारकावर नाव’ असं रंगवलेलं आहे. रंगून स्मारकाच्या यादीत शोधलं, नाव सापडलं नाही.

विचारायचं असं की, कोणती तारीख खरी धरायची? नाव कोणत्या स्मारकावर असेल? विमान सापडलंच नाही असं का झालं असावं? आणि दगडावर नेमकं काय कोरायचं? खानदानाची माहिती इथे टाकत नाही, त्याशिवाय जेवढं सांगता येईल तेवढं सांगा.

---

कृष्णाकाठ

स्मारकाचं आधी सांगतो, कारण ही गफलत सातारा-सांगलीतल्या बऱ्याच फलकांवर होण्यासारखी आहे. ब्रह्मदेशाच्या लढाईत ज्या भूदल सैनिकांची समाधी किंवा दहनाची जागा माहीत नाही, त्यांची नावं यांगूनजवळच्या तौक्यान युद्धस्मशानातल्या रंगून स्मारकावर आहेत, जवळजवळ २७,००० नावं. तुमच्या यादीतले मराठा पलटणीतले लोक तिथेच सापडले असणार. हवाई दलाचं तसं नाही. दक्षिण आणि पूर्व आशियातल्या मोहिमांत बेपत्ता झालेल्या विमानदलाच्या माणसांची नावं सिंगापूरच्या क्रांजी इथल्या सिंगापूर स्मारकावर आहेत. माणूस सिंगापूरच्या जवळपासही गेलेला नसला तरी नाव तिथेच. जुना फलक करणाऱ्याने बाकीच्यांसाठी ‘रंगून’ लिहिलं आणि ह्यालाही त्याच ओळीत बसवलं, असा माझा अंदाज.

शोधायची पद्धत: कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या (राष्ट्रकुलातल्या युद्धमृतांच्या समाध्या-स्मारकं सांभाळणारी संस्था) संकेतस्थळावर आडनाव घालूच नका. युद्ध दुसरं महायुद्ध, सेवा हवाई दल, सैन्य भारतीय, आणि तारखेच्या दोन्ही चौकटींत १ एप्रिल १९४४ ते ३० एप्रिल १९४४ एवढंच भरा. त्या काळचं भारतीय हवाई दल लहान होतं, यादी एका बैठकीत वाचून होते. आडनावाने शोधलं की मराठी नावांचे इंग्रजी हिज्जे दगा देतात. जाधव, यादव, घोरपडे, शिर्के, कोणताही कारकून कसंही लिहितो. काही वेळा बापाचं नाव आडनावाच्या जागी असतं, काही वेळा नुसती आद्याक्षरं. नावाची नोंद मिळाली की सेवा क्रमांक टिपून घ्या, पुढचं सगळं त्याच्यावर चालतं. त्या पानावर कमिशनची जुनी टंकलिखित यादीही जोडलेली असते, ती उतरवून घ्या.

एप्रिलमध्ये नाही सापडलं तर तोच शोध ऑक्टोबरची तारीख घालून करा. तिथेही नसेल तर दिल्ली/कराची १९३९-१९४५ युद्धस्मारकांची यादी पाहा. लढाईच्या क्षेत्राबाहेर वारलेल्या अविभाजित भारताच्या २५,००० हून जास्त सैनिकांची नावं त्यात आहेत. प्रशिक्षणात किंवा विमान पोचवताना गेलेला माणूस तिकडे निघू शकतो. खडकीच्या युद्धस्मशानात मात्र शोधण्यात वेळ घालवू नका. पश्चिम आणि मध्य भारतातल्या समाध्या तिथे एकत्र आणल्या आहेत, पूर्व सरहद्दीवर बेपत्ता झालेल्याचा तिथे संबंध येत नाही.

---

मिरज_लोको

तारखेचा घोळ हा घोळच नाही. दोन्ही तारखा बरोबर आहेत, फक्त त्या दोन वेगळ्या गोष्टींच्या आहेत. विमान परतलं नाही की त्या दिवशी ‘बेपत्ता’ अशी नोंद होई. शत्रूच्या मुलखात पडलेला माणूस कैदेत असू शकतो, लपतछपत परत येऊ शकतो, म्हणून लगेच मृत ठरवत नसत. साधारण सहा महिने काहीच खबर आली नाही की ‘सरकारी कामापुरतं मृत मानले’ असं पत्र निघे. ते निघाल्यावर पगाराचा हिशेब, निवृत्तिवेतन, सामान परत पाठवणं हे सगळं सुरू होई. एप्रिल ते ऑक्टोबर, बरोबर सहा महिने. कमिशन सहसा मोहिमेचा दिवसच मृत्यूची तारीख धरतं, तुम्हीही तीच धरा.

शिवाय ऑक्टोबर हा मोहिमेचा दिवस असूच शकत नाही. १९४४च्या पावसाळ्यात व्हेंजन्स विमानं लढाईतून काढून घेतली. भारतीय हवाई दलात हे विमान घेऊन लढलेली स्क्वाड्रनं (विमान-तुकड्या) दोनच, सातवं आणि आठवं. आठव्याला पुढे स्पिटफायर ही लढाऊ विमानं मिळाली, सातव्याला हरिकेन.

कागद तपासताना एक खूण बघा. हवाई दलाला ‘रॉयल’ हे बिरुद मार्च १९४५ मध्ये मिळालं. ऑक्टोबर १९४४च्या पत्रात ‘रॉयल’ छापलेलं असेल तर ते मूळ पत्र नाही, नंतर काढलेली नक्कल आहे. नक्कल म्हणजे खोटी नव्हे, पण तिच्यातले आकडे मुळाशी ताडून घ्यायला हवेत.

---

यवतेश्वर_घाट

विमानाबद्दल लिहितो, कारण ‘सापडलं का नाही’ याचं निम्मं उत्तर त्यात आहे.

व्हल्टी व्हेंजन्स हे अमेरिकन बनावटीचं सूर मारणारं बॉम्बर. राईट कंपनीचं १४ सिलिंडरचं आर-२६०० इंजिन, सुमारे १६०० अश्वशक्ती. आत दोघंच: पुढे वैमानिक, मागे पाठमोरा बसणारा गनर, वायरलेसही त्याच्याकडेच. पोटात ५०० पौंडी दोन बॉम्ब आणि लागले तर पंखांखाली २५० पौंडी दोन. नाक सरळ जमिनीकडे करून, उभा सूर मारता यावा म्हणून पंख धडाला शून्य अंशाच्या कोनात बसवले होते. त्यामुळे सुरात विमान रेषेत जाई, पण सरळ उडताना शेपूट खाली आणि नाक वर राही, वैमानिकाला पुढचं कमी दिसे. वेग आवरायला पंखांवर जाळीदार ब्रेक उघडत.

हल्ल्याची रीत अशी: सहा विमानांचा गट दहा-बारा हजार फुटांवर लक्ष्यावर येई, एकामागून एक कलंडत आणि साधारण ताशी ३०० मैलांनी उभी खाली. तीन-चार हजार फुटांवर बॉम्ब सोडून नाक वर घ्यायचं, मग झाडांच्या शेंड्यांलगत निसटून ठरलेल्या जागी पुन्हा गोळा व्हायचं. हिशेब करा: ताशी ३०० मैल म्हणजे सेकंदाला ४४० फूट. तीन हजार फुटांवरून नाक वर आलं नाही तर सात सेकंदांच्या आत जमीन. वैमानिकाला गोळी लागली, नियंत्रणाची तार तुटली, ढगातून उंचीचा अंदाज चुकला, की मागच्याला उडी मारायला वेळच उरत नाही. तो तर पाठीवर आडवा, आभाळाकडे तोंड करून असतो.

आता साक्षीदारांचं. पुढचा सुरात, मागचा सुरात, खाली पुढच्याच्या बॉम्बचा धुरळा. त्या धुरळ्यात एक विमान घुसलं तर वरच्याला तो आणखी एक स्फोट वाटतो. मोजणी होते ती पुन्हा जमल्यावर: सहा गेले, पाच आले. म्हणून अशा नोंदींत ‘सुरात जाताना दिसले, बाहेर पडताना दिसले नाही’ या धाटणीचं एखादं वाक्य असतं आणि तेवढंच असतं.

‘जपानी विमानांशी लढताना’ हे फलकावरून काढाच. जपानी लढाऊ विमानांनी पाडलेली व्हेंजन्स फार थोडी. बहुतेक नुकसान जमिनीवरच्या तोफा-मशिनगनचा मारा, यंत्रातला बिघाड आणि हवामान यांनी झालं. पुरावा हातात नसताना शौर्याचं वाक्य जोडलं की उद्या खरा कागद निघाल्यावर दगड खोटा पडतो.

आणि पडलेलं विमान कुठे जातं? उभ्या सुरात पडलेलं धातूचं धूड मऊ जमिनीत खोल घुसतं. वर राहतात ते चुरगळलेले पत्रे. आराकानचा किनारी पट्टा म्हणजे भरती-ओहोटीच्या खाड्या, खारफुटी, मधे मयूची डोंगररांग, आणि पाऊस आपल्या महाबळेश्वरच्या तोडीचा. एका पावसाळ्यात खड्डा बुजतो. ॲल्युमिनियमचा पत्रा आसपासचे लोक भांड्यांसाठी नेतात, त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. माणसांची ओळख पटवायची म्हटलं तर गळ्यातल्या ब्रिटिश ओळख-चकत्या दाबलेल्या फायबरच्या, आगीत आणि ओलाव्यात टिकत नाहीत. टिकतं ते इंजिनवरची क्रमांकपट्टी आणि बंदुकांवरचे ठोकलेले आकडे. म्हणून आधी विमानाची ओळख पटते आणि विमानावरून माणसांची. जालावर कुणी ‘ब्रह्मदेशातल्या विमानाचा तुकडा’ विकायला काढला तर क्रमांक नसलेल्या पत्र्याला एक रुपयाही देऊ नका, त्यातून काही सिद्ध होत नाही.

---

जरंडा_पायथा

मनापासून आभार. कमिशनच्या यादीत एप्रिलचा शोध लावला, नाव मिळालं. सिंगापूर स्मारक, कॉलम क्रमांकासह. हिज्जे खरंच भलतेच होते. आता नवाच पेच: पहिल्या झेरॉक्सच्या कोपऱ्यात स्क्वाड्रनचा पुसटसा आकडा आहे, तो ‘८’ समजत होतो, पण भिंगातून ‘७’ वाटतो. याने काही फरक पडतो का?

---

कृष्णाकाठ

अख्खा नकाशा बदलतो! आठवं स्क्वाड्रन चितगावकडे, डबल मूरिंग्जच्या तळावरून डिसेंबर १९४३ पासून आराकानवर जात होतं. सातवं मार्च १९४४ पासून आसामातल्या कछारमधल्या उदरबंदहून उडत होतं आणि त्याचं काम मुख्यतः इंफाळच्या लढाईभोवती, मणिपूर आणि चिन टेकड्यांकडे. एप्रिल १९४४ म्हणजे जपान्यांनी इंफाळला घातलेला वेढा ऐन भरात. आकडा ७ असेल तर ‘आराकान’ हा शब्दच संशयित ठरतो. विमान कदाचित आजच्या भारताच्या हद्दीतही पडलं असेल.

याने स्मारक बदलत नाही, हवाई दलातल्या बेपत्ता माणसासाठी सिंगापूरच. अवशेष मिळून ओळख पटली असती आणि दहन झालं असतं तर नाव इंफाळच्या भारतीय सेना युद्धस्मशानातल्या दहन-स्मारकावर आलं असतं, तिथे हिंदू आणि शीख मिळून ८६८ नावं आहेत. ज्या अर्थी नाव सिंगापूरला आहे त्या अर्थी कमिशनच्या लेखी आजवर काही सापडलेलं नाही.

आकडा ठरवायला झेरॉक्स पुरणार नाही. मूळ कागद असेल तर तो खिडकीशी तिरका धरून, बाजूने टॉर्च मारून मोबाईलवर फोटो घ्या. टाइपरायटरचा ठसा उठतो. कार्बन प्रतीत ३ आणि ८, ७ आणि १ हमखास फसवतात.

---

मिरज_लोको

कागदावरून नक्की नाही झालं तर दुसरी वाट आहे आणि ती मला जास्त भरवशाची वाटते: वैमानिकाला शोधा. व्हेंजन्समध्ये दोघंच असतात. त्याच तारखेला सिंगापूर स्मारकावर हवाई दलाचं दुसरं कोण आहे ते पाहा. मात्र सैन्य ‘भारतीय’ हा निवड-पर्याय काढून टाका. आठव्या स्क्वाड्रनमध्ये ब्रिटिश आणि इतर कॉमनवेल्थ देशांचे वैमानिकही होते. भारतीय गनर आणि परदेशी वैमानिक अशी जोडी असेल तर भारतीय यादीत एकच नाव दिसतं आणि आपण समजतो की कागदच अपुरे. वैमानिक ऑस्ट्रेलियन किंवा न्यूझीलंडचा निघाला तर नशीब समजा, त्या देशांच्या अभिलेखागारांत हवाई दलातल्या मृतांचे कागद चांगले जपलेले आहेत.

मूळ नोंद मिळवायची तर स्क्वाड्रनची मोहीम-नोंदवही मागायची. तिचे दोन भाग. फॉर्म ५४० म्हणजे दिवसवार गोषवारा: हवामान, तळावर काय झालं, कोण आलं-गेलं. फॉर्म ५४१ म्हणजे उड्डाणांचा तक्ता: विमानाचा प्रकार आणि क्रमांक, दोघांची नावं, काम, उड्डाणाची वेळ, उतरण्याची वेळ, तपशील. बेपत्ता विमानापुढे उतरण्याची वेळ कोरी असते. तुम्हाला हवंय ते ५४१चं एक पान. पत्रात ‘अमुक स्क्वाड्रन, एप्रिल १९४४, दोन्ही फॉर्म’ असं स्पष्ट लिहा, नुसतं ‘माहिती मिळावी’ लिहिलं की ठराविक उत्तर येतं.

ब्रिटिश स्क्वाड्रनांच्या वह्या लंडनजवळ क्यू इथल्या राष्ट्रीय अभिलेखागारात ‘एअर २७’ या मालिकेत आहेत. भारतीय स्क्वाड्रनांसाठी आधी नवी दिल्लीच्या संरक्षण मंत्रालयाच्या इतिहास विभागाला लिहा, सोबत राष्ट्रीय अभिलेखागाराच्या ‘अभिलेख पटल’वर शोध घ्या. माणसाच्या सेवापुस्तकासाठी सुब्रतो पार्कमधलं हवाई दलाचं अभिलेख कार्यालय. तिथे अर्ज साताऱ्याच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयामार्फत गेला तर बरं. वारसाचं नातं दाखवणारा कागद, सेवा क्रमांक आणि कमिशनच्या पानाची छापील प्रत, तिन्ही एकदमच जोडा.

५४१ मिळाल्यावर दोन गोष्टी बघायच्या. एक, वेळ. सप्टेंबर १९४२ ते ऑक्टोबर १९४५ भारतातली घड्याळं एक तास पुढे होती, म्हणजे ग्रीनिचपेक्षा साडेसहा तास. शेजारच्या स्क्वाड्रनच्या नोंदीशी किंवा सैन्याच्या अहवालाशी ताडताना कोण कोणती वेळ लिहितोय ते आधी ठरवा, नाहीतर एकच घटना दोन वाटतात. दोन, विमानाचा क्रमांक: दोन अक्षरं आणि तीन आकडे, उदाहरणार्थ एएन किंवा ईझेडने सुरू होणारा. तो जसाच्या तसा उतरवा. पुढे कधी कुठे इंजिनची पट्टी सापडलीच तर जोडणारा धागा तोच.

त्याच दिवशी व्हेंजन्स उडवणारी ब्रिटिश स्क्वाड्रनं कुठे गेली होती तेही चाळा. त्या आघाडीवर ८२, ८४ आणि ११० ही होती. लक्ष्य एकच असेल तर हवामानाचं आणि तोफांचं वर्णन तिकडून मिळतं.

---

वारणा_पेठ

एक शंका. कैदेत गेले असण्याची शक्यता गावात अजून बोलली जाते. ती कागदावरून कशी निकालात काढायची?

---

यवतेश्वर_घाट

पूर्ण निकालात कागद काढत नाहीत, पण शक्यता किती उरते ते कळतं. पकडलेल्या वैमानिकांना बहुधा रंगूनच्या मध्यवर्ती तुरुंगात ठेवत. जपानी तिथून एप्रिल १९४५च्या अखेरीस निघून गेले, कैद्यांनी छपरावर मोठ्या अक्षरांत ‘जपानी गेले’ असं रंगवलं, आणि मे १९४५च्या पहिल्या आठवड्यात रंगून हाती आलं. सुटलेल्यांचे जबाब घेतले गेले आणि कोण कोण दिसलं, कोण वारलं, हे त्यातून जुळवलं गेलं.

पण पकडलेला प्रत्येक जण तुरुंगापर्यंत पोचला नाही. ब्रिटिश १५९ स्क्वाड्रनच्या लिबरेटर या बॉम्बर विमानाचा वायरलेस ऑपरेटर स्टॅन्ली वुडब्रिज ३१ जानेवारी १९४५ला ब्रह्मदेशात पकडला गेला. वायरलेसचं गुपित काढण्यासाठी त्याचा छळ केला, त्याने सांगितलं नाही, ७ फेब्रुवारीला मारलं. नंतर त्याला मरणोत्तर जॉर्ज क्रॉस हे ब्रिटिश शौर्यपदक मिळालं. हे कळलं ते युद्धानंतरच्या चौकशीत. वायरलेसवाला माणूस शत्रूला जास्त हवा असे, तेव्हा गावातली शंका अगदी हवेतली नाही. पण आधी सांगितल्याप्रमाणे व्हेंजन्सच्या सुरातून कुणी हवाई छत्रीने (पॅराशूटने) बाहेर पडलं असण्याची शक्यता फार कमी. ५४१ मध्ये ‘छत्री दिसली’ असं असेल तरच त्या दिशेने खणा.

युद्ध संपल्यावर ब्रिटिश हवाई दलाच्या शोधपथकांनी १९४९ पर्यंत बेपत्ता विमानांचा माग काढला. युरोपात रस्ते होते, पोलीस होते, चर्चच्या वह्या होत्या. डोंगर-जंगलात तसलं काही नव्हतं. आज ब्रिटिश किंवा भारतीय यंत्रणा आपण होऊन शोधायला जात नाहीत. काही सापडलं तर ओळख पटवून, शक्यतो तिथेच अंत्यविधी. अमेरिकनांचं धोरण निराळं. कुनमिंगहून आसामातल्या चबुआकडे निघालेलं ‘हॉट ॲज हेल’ हे बी-२४ विमान २५ जानेवारी १९४४ला आठ जणांसह अरुणाचलात पडलं, २००६ मध्ये सापडलं आणि अवशेष २०१६ मध्ये मायदेशी गेले. डोंगरउतारावर आपटलेलं विमान वरच पसरून राहिलं होतं म्हणून इतक्या वर्षांनी ओळखू आलं. चिन टेकड्यांत पडलेल्यालाही तसं नशीब लाभू शकतं, चिखलात उभं घुसलेल्याला कठीण.

---

कृष्णाकाठ

फलकाचा मजकूर असा सुचवतो: पूर्ण नाव (गावात लिहितात तसं, कमिशनच्या हिज्ज्यांवरून उलटं मराठीकरण नको), हुद्दा, ‘भारतीय हवाई दल’, मोहिमेची तारीख, ‘व्हेंजन्स विमानासह बेपत्ता’, ‘सिंगापूर स्मारक, कॉलम अमुक’. वैमानिकाचं नाव कळलं तर ‘सोबत’ म्हणून तेही घ्या, तो कुठलाही असो.

‘आराकान’ आणि ‘इंफाळ’ दोन्ही तूर्त नको. स्क्वाड्रनचा आकडाही ५४१ हातात आल्याशिवाय नको. मिरजेच्या किंवा साताऱ्याच्या कारागिराला ग्रॅनाइटवर त्या ओळीखाली एका ओळीची जागा कोरी ठेवायला सांगा. नंतर अक्षरं वाढवता येतात, कोरलेली पुसायची म्हटलं तर अख्खी पाटी घासावी लागते. बाकीच्या नावांचं काम त्यासाठी थांबवू नका.

आणि कमिशनच्या नोंदीत बापाचं नाव किंवा गाव चुकलं असेल तर दुरुस्तीचा अर्ज आत्ताच टाका. मूळ कागदाचा स्कॅन लागतो, तोंडी सांगितलेलं चालत नाही.

---

जरंडा_पायथा

टॉर्च मारून फोटो काढला. आकडा ७च आहे, वरची आडवी रेघ स्पष्ट उठली. दिल्लीच्या पत्रात सातवं स्क्वाड्रन, एप्रिल १९४४, फॉर्म ५४० आणि ५४१ असं लिहितोय. त्याच तारखेला सिंगापूर स्मारकावर आणखी एक हवाई दलाचं नाव दिसतंय, त्याचं स्क्वाड्रन जुळलं की इथे टाकतो.